पिवळ्या दिव्याखालची आई

३ फेब्रुवारी

ती. मावशी,

नमस्कार. फोनवर तुला माझं निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू स्वतःच्या मनाने भरतेस, म्हणून पत्र लिहिते. मागच्या वेळी मी नोकरी गेल्याचं सांगत होते आणि तू म्हणालीस, "छान झालं, आता जास्त दगदग करू नकोस."

तर दुकानातलं अल्टरेशनचं टेबल जानेवारीत बंद झालं. अकरा वर्षं मी त्या टेबलाशी बसले. मॅनेजर म्हणाला, हल्ली लोक कपडा दुरुस्त करत नाहीत, परत करतात. निरोपाला मला एक पेन दिलं. मी कात्री मागितली होती.

आता घरूनच काम करते. रफू, अस्तर बदलणं, चेन बसवणं. ह्याला फ्रीलान्स म्हणतात. म्हणजे मालकीणही मीच आणि नोकरही मीच, आणि दोघींचं पटत नाही. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. पलंग भिंतीला सरकवला आणि खिडकीखाली टेबल लावलं. पहिल्या महिन्यात चार गिऱ्हाइकं आली. त्यातली एक घरमालकीण, तिला पडदे आखूड करून हवे होते आणि तेही आपलेपणाने.

म्हणून एका सल्लागार बाईंचा तीन दिवसांचा वर्ग केला. स्वतःचा ब्रँड कसा उभा करायचा, असा विषय. आम्ही सातजण होतो. एक भाषांतर करणारा, एक केक करणारी, एक कुत्र्यांना शिस्त लावणारा, असे. प्रत्येकाने उभं राहून एक मिनिट स्वतःबद्दल बोलायचं होतं. मी उठले आणि म्हणाले, "मी रफू करते." उरलेला वेळ सगळे माझ्याकडे बघत बसले.

माझ्या कामाची पंचाईत तुला माहीतच आहे. चांगलं झालं की ते दिसत नाही. केकवालीने केकचे फोटो लावले. मी कशाचे लावू? एका फोटोत भोक, दुसऱ्यात काहीच नाही. बाई म्हणाल्या, "मग कामाचं राहू दे. तुम्ही कोण ते सांगा. लोक माणूस बघून येतात." इंटरनेटवर माझं एक पान त्यांनीच करून दिलं आहे.

एक काम कर. आईचा एखादा फोटो पाठव. बसलेला असेल तर उत्तम, आणि हात दिसत असले तर फारच बरं. कशाला ते नंतर सांगते.

जूनपर्यंत जम बसला नाही तर एका गोदामात पॅकिंगचं काम आहे, ते धरायचं ठरवलंय. दिवसभर खोकी बांधायची. तिथली एकजण मला भेटली, तिची बोटं लाकडासारखी झाली आहेत. तशा बोटांनी मग रफू होणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तेवढं सोडलं तर बाकी ठीक.

काकांना नमस्कार.

तुझी,
ठकू

११ फेब्रुवारी

चि. ठकू,

आशीर्वाद. पत्र पोचलं. नोकरी गेली हे मला आत्ता कळतंय, आणि महिनाभर मी शेजारच्या नर्सला तुझी बढती झाली म्हणून सांगत होते. आता तिला काय सांगायचं ते माझं मी बघते.

ह्यांना पत्र वाचून दाखवलं. हे म्हणाले, "ब्रँड साबणाचा असतो, पोरीचा कसला?" मी म्हटलं, तुम्ही पेपर वाचा. पण खरं सांगायचं तर मलाही नीटसं कळलं नाही. आमच्या इथे कोणाचं शिवण चांगलं, ते विचारत विचारत माणूस दारापर्यंत येतो. तुमच्याकडे शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही, तेव्हा विचारायचं कोणाला हा प्रश्न आलाच. काळाप्रमाणे करावं लागतं. तुझ्या सल्लागार बाई ब्रँड शिकवतात तर शिक बापडी.

जूनची मुदत देवाच्या कानावर घातली आहे. रोज सकाळी पहिलं तेच सांगते, मग बाकीच्यांचं. तू बोटं सांभाळ. भांडी घासून झाली की खोबरेल लावत जा. सुई धरणाऱ्याच्या बोटांना भेग पडली की रेशमी कापड अडकतं, हे मी तुला पूर्वी सांगितलं आहे.

फोटोचं म्हणशील तर धाकटीचे तीनच आहेत माझ्याजवळ. एक शाळेच्या घोळक्यातला, त्यात ती दुसरीकडे बघते आहे. एक लग्नातला, त्यात तुझे वडील जास्त आणि ती कमी. तिसरा टेलिफोन ऑफिसच्या दारात उभी असलेला, कोट घालून. तो पाठवते. हात दिसत नाहीत, दोन्ही खिशात आहेत. तिला फोटोत हात कुठे ठेवावे ते कधी कळलं नाही. बसलेला एकही नाही. ती बसायची कुठे.

कॉपी काढून हा परत पाठव. पाकीट आतून जाड कागद घालून पाठव, दुमडता कामा नये. आणि कशाला हवा ते लिही.

तुझी मावशी

२२ फेब्रुवारी

ठकू,

आशीर्वाद शेवटी लिहीन.

काल नर्स ड्यूटीवरून आली तेव्हा तिच्या मोबाईलवर तुझं ते पान उघडायला लावलं. तिने मोठ्याने वाचलं. मी पुन्हा वाचायला लावलं, कारण मला वाटलं, चुकून दुसऱ्याच कोणाचं उघडलं.

त्यात लिहिलंय: "माझी आई पिवळ्या दिव्याखाली बसून लोकांचे फाटके कपडे रफू करायची. सुया टोचून तिची बोटं सोलवटलेली असत, तरी चेहरा हसतमुख. त्याच बोटांनी तिने माझ्या हातात सुई दिली. आजही माझा प्रत्येक टाका तिचाच असतो." वर धाकटीचा फोटो. टेलिफोन ऑफिस कापून टाकलंस. कापलंस मात्र सफाईने.

नर्सच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "मावशी, तुमच्या बहिणीने केवढे कष्ट काढले." मी चहा टाकायला उठले.

आधी कामाचं बोलते. पिवळ्या दिव्याखाली कोणी रफू करत नाही. धाग्याचा रंग कळत नाही त्यात, करड्याला हिरवा लागतो. रफू करायचं ते दिवसाउजेडी, खिडकीशी. आणि सुई टोचते ती नवशिकीला. लोकांचे कपडे घेणाऱ्या बाईची बोटं सोलवटलेली असतील तर तिच्याकडे कोणी कपडे देऊ नयेत. निदान खोटं तरी कामातल्या माणसासारखं लिहावं.

आता धाकटीचं. तिने जन्मात सुईत दोरा ओवला नाही. बटण तुटलं की पिन लावायची. टेलिफोन ऑफिसात तिला अर्ध्या शहराचे नंबर पाठ होते आणि साहेब लोक तिला दबकून असायचे. ती गरीब नव्हती. हसतमुख तर मुळीच नव्हती. गेलेल्या माणसाच्या अंगावर आपण काहीही चढवावं, ते काय उठून काढून टाकणार आहे? म्हणून तर जपायचं.

ते काढून टाक. मला एवढंच म्हणायचं आहे.

सुई तुझ्या हातात कोणी दिली ते तुला माहीत आहे. ते लिही असं मी म्हणत नाही. कोणाचंच नाव लिहू नकोस, पण हे नको.

आशीर्वाद.

मावशी

२ मार्च

मावशी,

तुझं पत्र चार दिवस टेबलावर होतं. रोज वाचत होते आणि रोज वेगळ्या वाक्याचा राग येत होता.

दिव्याचं आणि बोटांचं तू म्हणतेस ते बरोबर. ते वाक्य माझं नाही, बाईंचं आहे. मी आधी खरंच लिहिलं होतं, की शाळेच्या सुट्टीत मावशीने शिकवलं. बाई म्हणाल्या, "मावशी चालणार नाही. मावशी सगळ्यांनाच असते. आई घ्या. आहेत का?" मी म्हटलं, नाहीत. तर म्हणाल्या, "मग तर उत्तमच." मला तिथेच उठून यायला हवं होतं. मी मान हलवली.

पण मावशी, त्यानंतर पंधरा दिवसांत एकोणीस कपडे आले. एकाने दुसऱ्या गावाहून कुरियरने कोट पाठवला. आणि आता एका मासिकातून बाई येणार आहेत, घरून काम करणाऱ्या बायकांवर लेख आहे. एका नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळणारा माणूस मला ओळखतो. तो म्हणाला, मासिकात येऊ दे, मी आमच्या साहेबांना दाखवतो, मग वर्षभराचे सगळे कपडे तुझ्याकडे. तसं झालं तर गोदामाचं नाव काढायला नको.

मासिकवाल्या बाईंना घरातलं कोणीतरी भेटायला हवंय. मी तुझा पत्ता दिला, कारण दुसरं कोणी नाही. बाबांकडे पाठवू? तिथली नवी आई त्यांना चहा देईल आणि बाबा हवापाण्यावर बोलतील.

तू खोटं बोल असं मी म्हणत नाही. तू बोलणार नाहीस हे मला माहीत आहे. फक्त "नाही" म्हणू नकोस. "तिचं तिला विचारा" म्हण. गप्प बसलीस तरी चालेल, तुला कमी ऐकू येतं हे सगळ्यांना पटतं.

आणि एक सांगते, रागावू नकोस. आईची बाजू तू घेतेस, पण आई मला दिलीस कुठे? ती गेली तेव्हा मी नऊ वर्षांची. पुढे नऊ वर्षं तुझ्याकडे राहिले. एवढ्या वर्षांत आईबद्दल तू मला सांगितलंस ते इतकंच: हुशार होती, हट्टी होती, आता जेव. तुझ्या पत्रात पहिल्यांदा कळलं की ती बटणाला पिन लावायची. ज्याच्याकडे काहीच नसतं तो काहीतरी बनवतो, मावशी.

फोटो सोबत परत पाठवते. जाड कागद घातला आहे.

ठकू

१७ मार्च

मावशी,

तुझं उत्तर नाही, म्हणजे तू रागावली आहेस. रागाव. पण हे पत्र लवकर पोचायला हवं.

गेल्या आठवड्यात एक म्हाताऱ्या बाई पान वाचून आल्या. दुरुस्तीला काही आणलं नव्हतं. खुर्चीत बसल्या, माझा हात हातात घेतला आणि बोटांवर सुईच्या खुणा शोधायला लागल्या. त्यांची आईही शिवायची म्हणे. मला म्हणाल्या, "सांगा ना आईबद्दल." मी सांगायला लागले. आई कपडा पुरा झाला की दाताने दोरा तोडायची. आई काम करताना गुणगुणायची. मला थांबताच येईना. त्या रडल्या, मीही रडले. खोटं नव्हतं ते रडणं, त्याचीच मला भीती वाटली.

त्या गेल्यावर मी आईचा खरा आवाज आठवायला बसले. माझ्याकडे एकच आहे. मी जेवायला नाटकं करत असले की ती चमचा कानाशी धरून ऑफिसातल्या आवाजात म्हणायची, "हॅलो, कोणता नंबर हवा आपल्याला?" मग मी हसायची आणि तोंड उघडायची. तो आवाज मला येईना. त्याऐवजी ती गुणगुणणारी बाई यायला लागली. दोन दिवस येत होती. तिसऱ्या दिवशी भांडी घासताना अचानक खरा आला, तेव्हा मी नळ बंद करून तशीच उभी राहिले.

पानावरून सगळं काढलं. फोटोही. मासिकवाल्या बाईंना आज फोन करून खरं सांगितलं, की आई टेलिफोन ऑपरेटर होती, शिवण मला मावशीने शिकवलं, बाकीचं बनवलेलं होतं. त्या म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं झालं. लेखाचं काय करायचं ते बघू. मावशींना मात्र भेटते, त्या गावात माझं दुसरं काम आहेच."

तेव्हा त्या येतील. तू अगदी सरळ जे आहे ते सांग. तुला अडचणीत टाकलं ह्याचं वाईट वाटतं.

ठकू

१९ मार्च

चि. ठकू,

आशीर्वाद. उत्तर लिहायला उशीर केला, कारण काय लिहावं ते समजत नव्हतं. "आई मला दिलीस कुठे" हे वाक्य मी ह्यांना वाचून दाखवलं नाही.

आज दुपारी मासिकवाल्या बाई आल्या. चांगल्या घरच्या वाटल्या. चहात साखर दोन चमचे घेतली. वही काढली आणि म्हणाल्या, "तुमच्या बहिणीबद्दल सांगा."

मी गप्प बसणार होते. सकाळी देवापुढे बसून तसं ठरवलं होतं. पण मग ती गोदामातली बोटं डोळ्यांपुढे आली. मी म्हटलं, हो, धाकटी रफू करायची.

एकदा तोंड उघडल्यावर मी थांबले नाही. सांगितलं, की ती खिडकीशी स्टुलावर बसायची, डावा पाय स्टुलाच्या दांडीवर. दिवा मी काढून टाकला. बाहेरचा धागा कधी लावायची नाही. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून एकेक धागा उसवून काढायची आणि त्यानेच भोक विणायची, म्हणून कोणाला शोधून सापडत नसे. बाई मधेच म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या बहिणीच, नक्की?" थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं. मला वाटलं, ह्यांनाही माझ्यासारखं कमी ऐकू येतं, म्हणून मी जरा मोठ्याने सांगितलं.

स्टुलावर बसणारी मी होते, हे तुला कळलंच असेल. आता तू मागितलंस ते देते. माझ्याकडे होतं, मी दिलं नाही.

मी धाकटीहून पाच वर्षांनी मोठी. माझा कपडा मला आखूड झाला की तो तिला जायचा. जाण्याआधी मी रफू करायची. बारा-तेरा वर्षांची असल्यापासून. घरी सगळे म्हणायचे, नवा दिसतो. मला फार अभिमान होता त्याचा. ती कधीच काही बोलली नाही. बोलायचं तिने साठवून ठेवलं होतं.

टेलिफोन ऑफिसचा पहिला पगार झाला तेव्हा तिने तो कोट आणला, फोटोत आहे तो. त्याच संध्याकाळी माझ्या हातचे जेवढे कपडे तिच्याकडे होते ते सगळे गाठोडं करून माझ्यापुढे ठेवले. म्हणाली, "ताई, ह्यातलं आता काही माझ्या अंगाला लागणार नाही." मी म्हटलं, "अगं पण दिसतं का कुठे?" तर म्हणाली, "दिसत नाही म्हणूनच. भोक दिसलं असतं तर कोणीतरी मला नवीन घेतलं असतं."

ह्यावर मी तिला कृतघ्न म्हटलं. दोन वर्षं आम्ही बोललो नाही. मग तू झालीस आणि बोलणं सुरू झालं, पण ते तुझ्यापुरतं. एक अट तिने घातली होती, की माझ्या मुलीच्या हातात सुई द्यायची नाहीस. ती गेली, आणि पुढच्याच सुट्टीत मी तुझ्या हातात सुई दिली. तू मागितलीस म्हणून दिली, असं मी इतकी वर्षं देवाला सांगत आले. तू मागितली नव्हतीस.

म्हणून मी तुला तिचं काही सांगत नसे. सांगायला लागले असते तर हे आलंच असतं.

तुझ्या त्या पानावर मी रागावले होते, की तू धाकटीला भलतं काहीतरी चढवलंस. आज मी तेच केलं. तिने फेकलेली सुई मी तिच्या हातात दिली, ती नाही म्हणायला नसताना. तुझ्यासाठी खोटं बोलले, ते देव बघून घेईल. पण बोलताना मला बरं वाटत होतं, ठकू. जुनं भांडण जिंकल्यासारखं. त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

बाई जाताना म्हणाल्या, "तुमचं भाचीवर फार प्रेम आहे." मी म्हटलं, असणारच.

तुझं काम होऊ दे.

मावशी

२६ मार्च

मावशी,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना भेटली असणार. तुझं वाचताना मी दोनदा हसले आणि मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

बाईंना कमी ऐकू येत नाही. त्यांना सगळं आधीच माहीत होतं. तुला दोनदा विचारलं ते सावरायला जागा मिळावी म्हणून, आणि तू मोठ्याने सांगितलंस.

परवा त्यांचा फोन आला. "तुम्ही एक सांगता, मावशी दुसरं. छापायचं कोणाचं?" माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "मावशीचं वय झालंय, तिला आठवत नाही." त्या म्हणाल्या, "त्यांना स्टुलाची दांडीसुद्धा आठवत होती." तुला खोटारडी म्हणायला माझी जीभ वळली नाही. त्यांनी लेख तूर्त बाजूला ठेवलाय. कपडेपटवाल्याला मी सांगून टाकलं, की वाट बघू नका.

सुईचं म्हणशील तर आईच्या वतीने माफ करणं माझ्या हातात नाही. माझं मी सांगते. मी मागितली नव्हती, पण नंतर खाली ठेवलीही नाही, आणि कोणी ठेव म्हटलेलं नव्हतं. पण आई जे म्हणाली ना, ते चार दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. अकरा वर्षं मी गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगत आले, "बघा, दिसतं का कुठे?" तुझंच वाक्य आहे ते. कोणासाठी दिसायला नको, हे मी कधी विचारलं नाही.

आईचं आणखी काही असेल ते लिही. चांगलंच हवं असं नाही.

ठकू

३ एप्रिल

चि. ठकू,

आशीर्वाद. वय तुझ्या काकांचं झालं आहे. मला सगळं आठवतं.

मासिकवाल्या बाईंना पत्र टाकलं. ह्यांना वाटलं मी वर्गणी भरते आहे. त्यात लिहिलं तेच खाली उतरवून देते, म्हणजे तुझ्यामाझ्यात पुन्हा दोन गोष्टी व्हायला नकोत:

"सप्रेम नमस्कार. माझी भाची खरं सांगते. मी तुम्हाला खोटं सांगितलं. माझी बहीण टेलिफोन ऑपरेटर होती आणि तिला शिवणाचा तिटकारा होता. स्टुलावर मी बसत असे. भाची म्हणते तसं माझं विस्मरण झालेलं नाही, तुम्ही चहात दोन चमचे साखर घेतलीत. तिचा लेख छापावा किंवा छापू नये, पण तिला खोटी समजू नये. त्या दिवशी खोटी मी होते. आपली, तिची मावशी."

स्वतः जाऊन पेटीत टाकलं.

धाकटीचं विचारलंस. तिला शिट्टी वाजवता यायची, पुरुषासारखी. रस्ता ओलांडताना वाजवायची आणि गाड्या थांबायच्या. मी लाजेने दुसऱ्या बाजूने चालायची. एकदा तिने माझ्यासाठी गाडी थांबवली आणि मी तरीही ओलांडला नाही. पुढच्या पत्रात आणखी लिहीन, आता रोज काहीतरी वर येतंय.

जूनचं देवाला सांगते आहेच.

मावशी

३० मे

ती. मावशी,

नमस्कार. शिट्टीचं वाचून मी खोलीत बराच वेळ प्रयत्न केला. नुसती हवा जाते.

मासिक आलं. लेखात सहा बायका आहेत, माझ्या वाट्याला पाव पान. "ह्या रफू करतात. लोकर, रेशीम, कोट. आठ दिवस लागतात." खाली पत्ता. आई नाही, मावशी नाही, दिवा नाही. माझ्या हातांचा फोटो आहे आणि त्यात नखं वाढलेली दिसतात. तुझं पत्र बाईंनी मला फोनवर वाचून दाखवलं. म्हणाल्या, "हे छापता आलं असतं तर." मी नको म्हटलं. आई आणि तू माझ्या पाटीवर नकोत. सल्लागार बाईंनी कळवलं, की हातची गोष्ट मी घालवली.

नाटकाच्या साहेबांनी मासिक वाचलंच नाही. पण कपडेपटवाल्याने एक झगा आणून दिला, उंदराने खाल्लेला, राजाचा. झाला की बघू म्हणाला. झाला. दुसरा आला. वर्षभराचे नाहीत, पण सुटे सुटे येताहेत. गोदामाला मी सध्या नकार कळवला आहे.

पानावर आता दोनच ओळी आहेत. काय करते ती एक, किती दिवस लागतात ती दुसरी. काही जण येतात, काही जण दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट वाचायला जातात.

मंगळवारी एक गृहस्थ आले, मासिक बघूनच. बरोबर आठ-नऊ वर्षांची मुलगी. पिशवीतून निळा स्वेटर काढला, कोपराला रुपयाएवढं भोक. म्हणाले, "मोठीचा आहे. आता हिला होईल. दिसणार नाही ना कुठे?"

मी म्हटलं, "नाही दिसणार."

मुलगी टेबलाच्या कडेवर नखाने रेघ ओढत होती. मी विचारलं, "तुला आवडतो का गं हा?"

ती वडिलांकडे बघून म्हणाली, "उबदार आहे."

असं कोण बोलतं त्या वयात? ते वाक्य तिला कोणीतरी घालून दिलेलं होतं, स्वेटरसारखंच.

मी स्वेटर खिडकीशी नेला. लोकर चांगली होती. आतल्या शिवणीत धागा भरपूर होता. दीड तासाचं काम, आणि मलाही सापडलं नसतं असं झालं असतं. मी घडी घालून त्यांच्या हातात परत दिला. म्हटलं, "ही लोकर धरणार नाही. हिला नवीन घ्या."

"पण तुमचं छापून आलंय, लोकर करता म्हणून."

"सगळी नाही होत."

"एवढंसं तर भोक आहे."

"अजून मोठं होईल," मी म्हटलं. "घालूच नका हिला."

ते वैतागले. इतके मजले चढवले म्हणाले, आणि मग लोकांनी जाहिराती तरी कशाला कराव्या, असंही. दारातून बाहेर पडताना मुलीने मागे वळून बघितलं, आणि जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उड्या मारत गेल्याचा आवाज आला.

सकाळी देवापुढे बसशील तेव्हा हे खोटं माझ्या नावावर सांग, तू मधे पडू नकोस. ते गृहस्थ आता ओळखीपाळखीत सांगत फिरतील, की तिसऱ्या मजल्यावरच्या बाईला लोकरीचं रफू जमत नाही.

सांगू देत.

तुझी,
ठकू